ॲलन, रिचर्ड जेम्स

ॲलन, रिचर्ड जेम्स : (४ जून १९०२–१९६९). भारतीय हॉकीपटू. १९२८, १९३२ व १९३६ या तीन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांचे गोलरक्षक. जन्म नागपूरचा. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती. जन्म तिथला म्हणून विदर्भाने त्यांच्यावर हक्क सांगितला तर वावगे नाही. त्यांची हॉकी मात्र नागपुरात घडली नाही. शिक्षण मसुरीच्या ओक ग्रोव्ह शाळेत व पुढे नैनितालच्या सेंट जोसेफ्स कॉलेजात झाले. ओक ग्रोव्ह ही ईस्ट इंडियन रेल्वेने आपल्या नोकरदारांच्या मुलांसाठी काढलेली निवासी शाळा. रेल्वे, बंदर, तारखाते यांभोवती वाढलेल्या अँग्लो-इंडियन समाजाने त्या काळात भारताला हॉकीपटूंची एक अख्खी पिढी दिली. ॲलन त्यांतलेच. ते कलकत्त्याच्या पोर्ट कमिशनर्स संघाकडून खेळत आणि भारतीय संघात आले तेही बंगालचे खेळाडू म्हणून.

१० मार्च १९२८ रोजी ‘कैसर-इ-हिंद’ बोटीने भारताचा पहिला ऑलिंपिक हॉकी संघ मुंबईहून निघाला, तेव्हा निरोपाला धक्क्यावर तीनच माणसे होती. पैशांचीही तंगी होती. पंधरा हजार रुपये कमी पडत असल्याने बंगालचा शौकत अली आणि मध्य प्रांताचा रेक्स नॉरिस यांना मागे ठेवायचे ठरत आले होते. ऐन वेळी बंगालने रक्कम उभी केली, म्हणून दोघांना बोटीवर पाय ठेवता आला. ॲम्स्टरडॅमला या संघाने ऑस्ट्रिया (६–०), बेल्जियम (९–०), डेन्मार्क (५–०), स्वित्झर्लंड (६–०) आणि अंतिम सामन्यात यजमान नेदर्लंड्स (३–०) यांना हरविले. पाच सामन्यांत २९ गोल केले, स्वतःवर एकही होऊ दिला नाही. पाचही सामन्यांत गोलात ॲलन उभे होते. विजयी होऊन परतलेल्या या संघाला पाहायला मुंबईच्या मोल स्टेशनावर मग खच्चून गर्दी लोटली, हे ओघानेच आले.

त्याच वर्षी फेब्रुवारीत सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या आइस हॉकी संघाने स्वीडन, ब्रिटन व स्वित्झर्लंड यांच्यावर तीन सामन्यांत ३८ गोल चढविले आणि तेथेही प्रतिस्पर्ध्यांची पाटी कोरीच राहिली. तिथे जोसेफ सलिव्हन आणि नॉर्बर्ट म्युलर या दोन गोलरक्षकांनी काम वाटून घेतले होते. इथे ते एकट्या ॲलन यांनी निभावले. शिवाय आइस हॉकीचा गोल सहा फूट रुंद व चार फूट उंच, तर मैदानी हॉकीचा बारा फूट रुंद व सात फूट उंच, म्हणजे क्षेत्रफळाने साडेतीन पट. ॲलन यांच्या काळात त्यासमोर उभे राहायचे ते पायांना पॅड बांधून आणि हातात साधी स्टिक घेऊन. डोक्याला शिरस्त्राण नाही, तोंडाला मुखवटा नाही. आणि चेंडू टणक, सुमारे १६० ग्रॅम वजनाचा.

१९३२ साली लॉस एंजेलिसला तीनच संघ उतरले. जपानविरुद्ध (११–१) गोलात आर्थर हाइंड होता. ११ ऑगस्टला अमेरिकेविरुद्ध ॲलन उतरले आणि भारताने २४–१ असा विजय मिळविला. रूपसिंग यांचे दहा आणि ध्यानचंद यांचे आठ गोल त्यांत होते. ॲलन यांच्यावर ऑलिंपिकमध्ये झालेला पहिला गोल तो हाच. त्या वेळी ते गोल सोडून प्रेक्षकांना सह्या देत होते, असे सांगतात. किस्सा तिखटमीठ लावलेला असण्याची शक्यता बरीच आहे; पण चेंडू सतत पलीकडच्या ‘डी’मध्येच (गोलपुढील अर्धवर्तुळात) फिरत असताना गोलरक्षकाने करायचे तरी काय? गंमत अशी की, हा एक गोल कथेत अमर झाला आणि अडविलेल्या फटक्यांची मोजदादच उरली नाही. आइस हॉकीत आज गोलरक्षकाने अडविलेल्या फटक्यांची टक्केवारी निघते. त्या काळच्या हॉकीच्या गुणफलकात गोलरक्षकाच्या खात्यावर पडे ते फक्त त्याचे अपयश.

१९३६ च्या बर्लिन स्पर्धेत ॲलन भारताच्या पाचपैकी चार सामने खेळले. वय ३४. भारताने हंगेरी, अमेरिका, जपान व फ्रान्स यांच्याविरुद्ध एकही गोल स्वीकारला नाही. स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात मात्र जर्मनांनी भारताला ४–१ असे हरविले होते आणि संघ त्या पराभवाने चांगलाच हादरला होता. त्यामुळे १५ ऑगस्टच्या अंतिम लढतीत ॲलन यांच्यापुढे टॅपसेल व महंमद हुसेन ही बचावाची जोडी जपून खेळली. मध्यंतराला भारताची आघाडी एकाच गोलाची होती. उत्तरार्धात गोलांचा पाऊस पडला आणि सामना ८–१ असा संपला. जर्मनीचा तो एकमेव गोल कुर्ट वाइसने केला.

तीन ऑलिंपिक, दहा सामने, दोन गोल, असा हिशेब भरतो. या आकड्याचे सगळे श्रेय ॲलन यांना देणे बरोबर नाही. एरिक पिनिगरसारखा मध्यरक्षक आणि ध्यानचंद–रूपसिंग यांची आघाडी फळी असताना प्रतिस्पर्धी त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचत. पण जो गोलरक्षक तासभर मोकळा उभा असतो, त्याला अचानक आलेला एकच फटका अडवावा लागतो, आणि तेच सर्वांत कठीण. तिन्ही ऑलिंपिक संघांतून निवड समितीने त्यांना वगळले नाही, ही त्यांच्या कुवतीची पुरेशी साक्ष आहे. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० व १९४४ ची ऑलिंपिक झाली नाहीत.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा गोल मुंबईच्या लिओ पिंटो यांनी सांभाळला. विदर्भाला मात्र पुढचा गोलरक्षक मिळायला बराच काळ जावा लागला : यवतमाळचा आकाश चिकटे २०१७ च्या आशिया चषक विजेत्या भारतीय संघात होता.