तेरा नावांची यादी

जबलपूर शहराच्या उत्तर अंगास अधारताल नावाची वस्ती आहे. गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीचे दिवाण आधारसिंह कायस्थ यांनी सोळाव्या शतकात तेथे तलाव बांधविला, आणि तलावाचे नाव पुढे वस्तीला मिळाले. त्याच शहरात राणीताल आहे, तो राणीचा. चेरीतालही आहे; तो राणीच्या दासीचा, असे लोक सांगतात. 24 जून 1564 रोजी मोगल सेनेशी लढताना राणीने रणांगणात देह ठेवला आणि राज्याचे वैभव ओसरले. परंतु तिच्या शेजारी तिचा कारभारी आणि तिची दासी ही दोन नावे शहराच्या नकाशावर टिकून राहिली. राजवंशाच्या वंशावळीत या दोघांना जागा असण्याचे कारणच नव्हते. पाणी साठविले, म्हणून ती मिळाली.

याच जबलपुराने पुढे मराठ्यांचा अंमल पाहिला. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, 1798 मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि 1817 च्या अखेरीस इंग्रजांच्या हाती पडला. इंग्रजांनी येथे छावणी वसविली. 1870 मध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग जबलपुरास अलाहाबादकडच्या मार्गाला मिळाला, आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे आगगाडीने जोडली गेली. 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. छावणी, रेल्वे आणि कारखाना ही तिन्ही जेथे एकत्र येतात, तेथे संध्याकाळी मैदानावर माणसे जमतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज पलटणींबरोबर हिंदुस्थानात आलेला हॉकीचा खेळ अशाच गावांतून रुजला. त्याला मखमली हिरवळ लागत नाही, फार सामान लागत नाही. कडक, सपाट जमीन आणि काठी एवढ्यावर तो चालतो. लष्करात असलेल्या सामेश्वरसिंहांचे धाकटे पुत्र रूपसिंह यांचा जन्म 1908 मध्ये याच जबलपुरात झाला. थोरले पुत्र ध्यानचंद तेव्हा तीन वर्षांचे होते. बापाच्या बदल्यांबरोबर हे कुटुंब फिरत राहिले आणि शेवटी झाशीस स्थिरावले.

भारतीय हॉकी महासंघाची स्थापना 7 नोव्हेंबर 1925 रोजी ग्वाल्हेरला झाली. पुढच्याच वर्षी लष्कराचा एक संघ न्यूझीलंडला गेला आणि 21 सामन्यांपैकी 18 जिंकून आला. त्या विजयाने धीर आला, आणि 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला संघ पाठवावयाचे ठरले. परंतु संघ निवडावयाचा कसा? देश अफाट, खेळाडू पलटणींत, रेल्वेत, तारखात्यात आणि शाळा-महाविद्यालयांत विखुरलेले. लाहोरच्या खेळाडूला कलकत्त्याने पाहिलेले नाही, आणि नागपूरच्या खेळाडूला दोघांनीही पाहिलेले नाही. तेव्हा तोडगा निघाला तो आंतरप्रांतीय स्पर्धेचा. 1928 मध्ये ती कलकत्त्यास भरली. पंजाब, बंगाल, संयुक्त प्रांत, राजपुताना आणि मध्य प्रांत असे पाच संघ उतरले. अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताने राजपुतान्यास 3-1 असे हरविले.

ही स्पर्धा म्हणजे एका अर्थाने परीक्षाच होती. पण ती संघाची नसून माणसाची होती. त्या काळी सामना 70 मिनिटांचा असे. ज्याचे नाव प्रांताबाहेर कोणी ऐकलेले नाही, त्याला आपले सारे कसब तेवढ्या वेळात दाखवावयाचे. त्यातच ज्याचा प्रांत दुबळा, त्याच्या वाट्याला सामनेही कमी. एक हरला की घरची वाट. फळीतल्या सोबत्यांनी चेंडूच नीट दिला नाही, तर चांगला आघाडीचा खेळाडूही निवड समितीच्या डोळ्यांत भरत नाही. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांताच्या खेळाडूंपुढे ही अडचण पंजाब-बंगालच्या मानाने अधिक असणार हे उघड आहे. तरीही त्या प्रांतातले दोन खेळाडू निवडले गेले. बचावफळीत मायकेल रॉक आणि मधल्या फळीत रेक्स नॉरिस. दोघेही अँग्लो-इंडियन समाजातले. बचावाच्या जागा मिळविणे हे गोल करून डोळे दिपविण्याइतके सोपे नसते, हे मैदानावर गेलेल्या कोणालाही सांगावयास नको.

यादीत शिरण्याची ही धडपड हॉकीपुरती किंवा हिंदुस्थानापुरती नाही. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो धंदेवाईक खेळ चालतो, त्यात 1936 पासून दरवर्षी महाविद्यालयांतल्या खेळाडूंची वाटणी होते. एकेक संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलतो. ज्यांना कोणीच उचलत नाही, त्यांनाही उन्हाळ्यातल्या सराव शिबिरात बोलाविण्याची वहिवाट आहे. शिबिरात पुष्कळ येतात. मोसम सुरू होताना संघाच्या यादीत जागा उरतात 53. कर्ट वॉर्नर यांना 1994 मध्ये कोणी उचलले नाही. शिबिरातून घरी धाडल्यावर त्यांनी आयोवा राज्यातल्या एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावला. जानेवारी 2000 मध्ये त्याच वॉर्नर यांनी सेंट लुईसच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. तेथे निदान एवढे खरे, की यादीत नाव आले की प्रवासाची चिंता संघाचा मालक वाहतो. 1928 च्या हॉकी संघाला मालक नव्हता. खेळाडूंना वेतन नव्हते, आणि महासंघाची तिजोरी बेताचीच होती.

निवड झाली तेरा जणांची; इंग्लंडमध्ये शिकत असलेले जयपालसिंह कर्णधार म्हणून पुढे तेथेच मिळावयाचे होते. पण जमलेला पैसा मोजला तेव्हा तो अकरा जणांच्या भाड्यालाच पुरत होता. दोघांना गाळणे भाग पडले. गाळलेली नावे होती बंगालचे शौकत अली आणि मध्य प्रांताचे नॉरिस. खेळात कमी पडले म्हणून नव्हे. निवड समितीने त्यांना पसंत केलेच होते. कलकत्त्याच्या मैदानावर पार केलेली परीक्षा आगबोट कंपनीच्या तिकिटापुढे नापास ठरली. प्रांतोप्रांतीचे श्रीमंत आणि संस्थानिक क्रिकेटवर पाण्यासारखा पैसा ओतीत असताना, हॉकीच्या दोन तिकिटांपाशी हिशेब अडावा, ही गोष्ट त्या काळाविषयी बरेच सांगून जाते. शेवटी बंगालच्या हॉकीवाल्यांनी ऐन वेळी रक्कम उभी केली आणि दोघांची नावे परत यादीत आली. बंगालने आपल्या शौकत अलींसाठी धडपड करावी हे साहजिकच होते. परंतु त्या उदारपणात मध्य प्रांताच्या माणसाचाही प्रवास साधला.

मुंबईस निघण्यापूर्वी या संघाचा सामना मुंबईच्या संघाशी झाला, आणि त्यात ऑलिंपिकला निघालेला संघ 3-2 असा हरला. यामुळे लोकांचा उत्साह वाढण्यासारखा नव्हताच. 10 मार्च 1928 रोजी ‘कैसर-ए-हिंद’ बोटीने संघ निघाला, तेव्हा निरोप द्यावयास धक्क्यावर तिघे जण हजर होते. महासंघाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि एक पत्रकार. तेरा प्रवासी आणि तीन निरोप देणारे, असा तो सोहळा होता.

अ‍ॅमस्टरडॅमला जे घडले ते सर्वश्रुत आहे. ऑस्ट्रियाविरुद्ध 6, बेल्जियमविरुद्ध 9, डेन्मार्कविरुद्ध 5, स्वित्झर्लंडविरुद्ध 6, आणि 26 मे रोजी यजमान नेदरलंड्सविरुद्ध अंतिम सामन्यात 3. असे 29 गोल हिंदुस्थानने केले. यांपैकी 14 एकट्या ध्यानचंदांचे. ते तेव्हा लष्करात लान्स नाईक होते. उलट बाजूने गोल झाला नाही, एकही नाही. या दुसऱ्या आकड्याकडे सहसा कोणी बघत नाही. गोलरक्षक रिचर्ड अ‍ॅलन यांचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. पण गोलरक्षकापर्यंत चेंडू येऊ न देणारी माणसे त्यांच्या पुढे उभी होती. त्यात रॉक होते, लेस्ली हॅमंड होते, ब्रूम पिनिजर होते, आणि ज्यांचे भाडे जवळजवळ बुडाले होते ते नॉरिसही होते. स्पर्धेच्या अखेरीस जयपालसिंह संघात नव्हते, फिरोज खान जायबंदी झाले होते, आणखीही काही जण आजारी होते. अकराच माणसे घेऊन संघ निघाला असता, तर अंतिम सामन्याच्या दिवशी मैदानावर कोण उतरले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

परतीच्या वेळी मुंबईच्या धक्क्यावर पाय ठेवावयास जागा नव्हती. शहराचे महापौर डॉ. गोपाळराव देशमुख स्वागतास जातीने आले होते, गव्हर्नरांचे प्रतिनिधी होते, आणि मार्चमध्ये घरी बसलेली मुंबई सारी तेथे लोटली होती.

पुढच्या ऑलिंपिकची कथा निराळी, तरी यादीचे दुखणे तेच. 1932 मध्ये पुन्हा कलकत्त्यास आंतरप्रांतीय स्पर्धा झाली. ध्यानचंदांना पलटणीतून सुटीच मिळाली नाही. आता मात्र त्यांना परीक्षेची गरज उरली नव्हती. महासंघाने त्यांना न खेळताच निवडले. बाकीच्यांना खेळून दाखवावे लागले. जबलपुरास जन्मलेले रूपसिंह त्यांत होते. थोरल्या भावाचे नाव पाठीशी असणे हे निवडीच्या वेळी जितके उपयोगी, तितकेच जाचकही असते. ‘भाऊ म्हणून घेतला’ हे वाक्य उच्चारावयास कोणाला कष्ट पडत नाहीत. रूपसिंहांची निवड झाली, तरी अंगावर घालावयास धड कपडे नाहीत म्हणून ते परदेशी जाण्यास कांकूं करीत होते आणि ध्यानचंदांनी त्यांना कपडे शिवून दिले, असे सांगतात. लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध हिंदुस्थानने 24-1 असा विजय मिळविला. त्यातले 10 गोल रूपसिंहांचे होते, 8 ध्यानचंदांचे. सबंध स्पर्धेतही धाकट्याचे गोल थोरल्यापेक्षा एकाने जास्त भरले, 13 आणि 12. ‘भाऊ म्हणून घेतला’ म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर मिळाले नसते. ग्वाल्हेरच्या ज्या मैदानाला आज रूपसिंहांचे नाव आहे, तेथेच 24 फेब्रुवारी 2010 रोजी सचिन तेंडुलकर यांनी एकदिवसीय सामन्यात नाबाद 200 धावा केल्या. त्या दिवशी मैदानाचे नाव लाखो लोकांनी ऐकले. ते नाव कोणाचे, हे किती जणांनी विचारले असेल ते सांगवत नाही.

1936 मध्ये बर्लिनला तर यादी स्पर्धेच्या तोंडावर बदलावी लागली. 17 जुलै रोजी सरावाच्या सामन्यात जर्मनांनी हिंदुस्थानास 4-1 असे हरविले. लष्करातून मोकळीक न मिळाल्याने मागे राहिलेले अली दारा यांना तातडीने बोलावून घेण्यात आले. ते विमानाने गेले आणि फ्रान्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोचले. 15 ऑगस्टला अंतिम सामन्यात जर्मनी 8-1 असा हरला. आठ वर्षांपूर्वी बोटीची दोन तिकिटे जमत नव्हती. आता एका खेळाडूसाठी विमान परवडले. पराभवाच्या भीतीने तिजोरीचे कुलूप उघडते, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न मिटला असे समजण्याचे कारण नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव यांना 1952 मध्ये हेलसिंकीच्या चमूतून वगळण्यात आले होते. मद्रासच्या स्पर्धेत निरंजन दास यांच्याकडून ते एका गुणाने हरले असा निकाल दिला गेला. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावण्यात आली, आणि त्यांनी निरंजन दासांना चीत केले. नाव यादीत आले, पण पुन्हा तेच भाडे आडवे आले. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूने जिंकलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. नॉरिस यांच्यासाठी एका प्रांताच्या हॉकीवाल्यांनी जे केले, ते येथे एका शिक्षकाला एकट्याने करावे लागले.

नॉरिस यांचे नाव 1928 नंतर भारतीय संघाच्या ऑलिंपिक यादीत पुन्हा दिसत नाही. सुवर्णपदक मिळविलेला हा मधल्या फळीतला खेळाडू पुढे प्रशिक्षक झाला. इटलीच्या आणि मेक्सिकोच्या खेळाडूंना त्यांनी हॉकी शिकविली. आणि त्यांच्याही आधी, ज्यांच्या संघाला अ‍ॅमस्टरडॅमला त्यांनी गोल करू दिला नव्हता, त्या डच मंडळींना.