नातीची टाळू

डोळे उघडा. डिसेंबर १९६२, वाईजवळचं कृष्णाकाठचं गाव. उन्हं अंगणात उतरलीत, तरी गारठा हटलेला नाही. चावडीवरच्या रेडिओभोवती माणसं जमलीत. आपल्या जिल्ह्याचे यशवंतराव नुकतेच देशाचे संरक्षणमंत्री झालेत. तिथे रेंगाळू नका, समोरच्या घरात शिरा. थेट न्हाणीत.

ओल्या लाकडांचा धूर, डाळीच्या पिठाचा वास. आजी पाय लांब करून पाटावर बसलीय, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. नडग्यांवर पालथी घातलीय चार महिन्यांची नात. तेलाचा हात पाठीवरून खाली येतो, मांड्या चोळतो, तळव्यांवर थांबतो. मग ती पोरीला उताणी करते आणि उजवा हात, डावा पाय पोटावर आडवे आणून सोडते. पाण्यात कोपर बुडवून ऊन बघते. रडण्याचं नाव नाही; पोर आजीच्या तोंडाकडे टक लावून बघतेय.

दंडापाशी आजीचा हात हलका होतो. तिथे दोन गोल, गुलाबी वण आहेत.

"आत्याबाई, खपली पडली का?" सून दारातून विचारते.

"पडली गं. समदं सुकलंय."

देवी काढणारा येऊन गेला त्याला महिना होत आला. याच वर्षी सरकारनं देशभर मोहीम उघडलीय. तो आला तेव्हा काही बायांनी पोरं माळ्यावर लपवली. ही आजी मात्र नातीला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहिली.

का, ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलंय. कपाळापासून हनुवटीपर्यंत व्रण. लहानपणी तिला देवी आल्या, पाठच्या भावालाही आल्या. शीतळादेवीला दहीभात दाखवला, दाराला कडुलिंब बांधला. ती उठली, भाऊ उठला नाही. देवी येणं आणि देवी काढणं: आपल्या भाषेनं दोन्हीला शब्द एकच ठेवला, पण मधे केवढं अंतर आहे!

शेगडीवर ओवा, बाळंतशेपा पडतात. (आजचे डॉक्टर धुरीला नको म्हणतात, आणि ते बरोबरच आहे.) सहाणेवर वेखंडाचे, मुरुडशेंगेचे मोजके वेढे, जायफळाचा एकच, झोपेपुरता.

दंडावरचे ते वण तुमच्या ओळखीचे आहेत. आईच्या मांडीवर झोपताना, तिच्या ब्लाउजच्या बाहीखाली तुम्ही त्यांवरून बोट फिरवलंय. ही पोर म्हणजे तुमची आई.

पणजीला सांगावंसं वाटतं, की १९७५ नंतर या देशात कुणालाच देवी येणार नाहीत. १९८० साली साऱ्या जगातून त्या गेल्याचं जाहीर होईल. पण तुमचा आवाज इथे पोचत नाही.

ती टाळूवर तेल थापते. जुन्या लुगड्याच्या दुपट्यात नातीला गुंडाळते. मग तिचं तोंड उजेडाकडे वळवून कपाळ, गाल, हनुवटी अंगठ्यानं चाचपते. सगळं गुळगुळीत. आणि आपल्या कानशिलांवर दहाही बोटं कडाकडा मोडते.