समुद्रापलीकडून आणलेली मुले

गेल्या दिवाळीत काचीगुड्यातील एका जुन्या स्नेह्यांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारले, "लेक नातवाला घेऊन अमेरिकेहून आली आहे, परत जायचे नाही म्हणते. जावई कोर्टात गेले, तर मूल परत द्यावे लागेल काय?" मी वकील नव्हे, आयुष्य महसूल खात्यात गेले. परंतु निवाडे वाचण्याची जुनी खोड आहे, म्हणून आठ दिवस मागून घेतले.

आपला पालक व पाल्य कायदा १८९० सालचा. मुलाचे हित पाहावे, एवढे तो सांगतो. विमानाने एका रात्रीत देश बदलणारे मूल त्याच्या कर्त्यांच्या स्वप्नातही नसावे. २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे झालेल्या करारानुसार असे मूल प्रथम त्याच्या नेहमीच्या देशात परत जाते आणि ताब्याचा वाद तेथे चालतो. शंभराहून अधिक देश त्यात सामील आहेत, भारत नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली होती, ती तशीच राहिली. त्यामुळे आपल्याकडे ही वाट न्यायाधीशांनाच पाडावी लागली.

पहिला मोठा निवाडा १९८४ चा, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांचा. इंग्लंडमधील एका पंजाबी पित्याने मुलाला भारतात आणले होते. याच गृहस्थाने पूर्वी पत्नीला मोटारीखाली घालण्याचा कट केला होता आणि त्याची तुरुंगातून लवकर सुटका तिच्याच रदबदलीने झाली होती! ज्या देशाशी कुटुंबाचा निकटचा संबंध, तेथील न्यायालयाचा अधिकार मोठा, असे म्हणून मूल मातेला देण्यात आले.

दोन वर्षांनी प्रकरण आपल्या पुण्याचे निघाले. मिशिगनमधील घटस्फोटानंतर मुलाचा ताबा अमेरिकन मातेकडे होता, पित्याला भेटीचा हक्क होता. जानेवारी १९८६ मध्ये पित्याने भेटीच्या निमित्ताने मुलाला घेतले आणि गुपचूप भारत गाठला. माता बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज घेऊन थेट सर्वोच्च न्यायालयात आली. न्या. बालकृष्ण एराडी यांच्या पीठाने आठ वर्षांच्या त्या मुलाशी स्वतः बोलून नोव्हेंबरमध्ये त्याला मातेच्या स्वाधीन केले. दहा महिन्यांत निकाल! आमच्या खात्यात एवढ्या वेळात साधा फेरफार मंजूर होत नसे.

यावरून मूल परत जाणारच, असे कोणी समजेल. पण १९९७ चा निवाडा वेगळा आहे, आणि मला तोच अधिक विचार करायला लावतो. पक्षकार दोन्ही मराठी आडनावांचे. नावे निवाड्यांच्या संग्रहांत आहेत, येथे त्यांची गरज नाही. आई १९८४ मध्ये तान्हे मूल घेऊन अमेरिकेहून परतली. पुढे तेथील न्यायालयाने ताबा पित्याला दिला. मुंबई उच्च न्यायालयाचा कौलही त्याच्याच बाजूने गेला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो फिरवला. निवाडा लिहिणारे न्या. एम. जगन्नाथ राव पूर्वी आपल्याच आंध्र प्रदेश उच्च न्यायालयात होते. त्यांनी सांगितले की परदेशी हुकूम हा विचारात घेण्याचा एक मुद्दा, शेवटचा शब्द नव्हे. मूल आल्याबरोबर दाद मागितली तर झटपट परत पाठवता येते; बारा वर्षे येथे वाढलेल्या मुलाला उपटून नेता येत नाही.

पुढे २०१५ मध्ये परदेशी न्यायालयाच्या आधीच्या आदेशाला पुन्हा मोठे वजन मिळाले. २०१७ मध्ये न्या. अजय खानविलकर यांनी ते काढून घेतले व लंडनहून आलेली मुलगी आईपाशी ठेवली. तरी मार्च २०१९ मध्ये हैदराबादला आणलेली दोन मुले अमेरिकेला परत पाठवण्याचा उच्च न्यायालयाचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने कायम केलाच. तेव्हा आई आहे म्हणून मूल राहील, हा भरवसा खोटा.

आठ दिवसांनी स्नेह्यांकडे गेलो. नातू अंगणात आजीकडून मराठी आकडे शिकत होता. मी विचारले, "येऊन किती दिवस झाले?"

"पाच महिने."

"आणि जावयांचा फोन?"

"रोज येतो. आम्हीच उचलत नाही."

आजपासून उचला, म्हटले, आणि लेकीला घेऊन उद्याच वकिलाकडे चला.