भिंतीची भेग आणि आडवी काडी

तिगाव-पांढुर्ण्याकडे ज्यांचे जुने मातीचे घर अजून उभे आहे, त्यांनी त्याचा एखादा ढासळलेला कोपरा जवळून पाहावा. ढेकळांतून काड्या बाहेर डोकावताना दिसतील. लिंपणाच्या मातीत कुटार किंवा गव्हाचा भुसा मिसळून ती काही दिवस मुरू देण्याची आपली रीत. माती वाळताना आकसते आणि तडकते. भेग पुढे सरकली की काडी आडवी येते. ती तोडायला किंवा मातीतून उपटायला जोर खर्च होतो, आणि भेग तिथेच थकते. एका मोठ्या तड्याऐवजी केसासारख्या अनेक भेगा पडतात. भिंत मात्र टिकते.

अजिंठ्याच्या चित्रांखाली हीच माती आहे. कातळावर आधी तूस, गवत आणि तंतू घातलेला जाड थर, त्यावर बारीक मातीचा, वर चुन्याचा पातळ हात, मग रंग. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेच्या झाडाचे अंश सापडले. राजदेव सिंह आणि एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ मध्ये ते प्रसिद्ध केले. अजिंठ्याच्या गिलाव्याला किडीने पोखरले, वेरूळचा त्या मानाने वाचला, याचे श्रेय ते भांगेला देतात.

पण थरांची एक खोड आहे. काडी भेगेला आरपार जाऊ देत नाही, तेव्हा ती वळते आणि दोन थरांच्या सांध्यातून पसरते. वरून चित्र अखंड दिसते, आत पोकळी झालेली असते. मग एके दिवशी पोपडा गळतो. अजिंठ्यातील पुष्कळ चित्रे अशीच गेली. निजाम सरकारने १९२० साली लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन जाणकारांना बोलावले. त्यांनी सुटलेल्या कडा पुन्हा कातळाला धरवल्या, हे मोठेच काम. वर लाखेचा हात दिला, तो मात्र पुढे पिवळा पडला आणि नंतरच्या रसायनज्ञांना काढत बसावे लागले.

योगायोग असा, की भेग का वाढते याचा हिशेब मांडणारा ए. ए. ग्रिफिथ यांचा निबंध इंग्लंडमध्ये १९२१ सालीच निघाला. (अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स वेगळे.) आज 'तेजस' विमानाच्या पंखांत कार्बन तंतूंचे थर असतात, आणि त्यांनाही भीती थर सुटण्याचीच. अशा थरांवर टिचकी मारून आवाज ऐकण्याची तपासणी अजूनही चालते.

आपल्याकडे मात्र मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवण्याची हौस आली आहे. सिमेंट ताठ, माती हलती. आतली ओल बाहेर पडत नाही, सांध्यात साचते, आणि गिलावा पडताना जुनी माती घेऊन पडतो. घर राखायचे असेल तर आधी भिंतीवर टिचकी मारून पाहा. जिथे पोकळ वाजेल तेवढेच खरवडा, पाणी शिंपडा आणि कुटाराच्या मुरलेल्या मातीने भरून घ्या.