भिंग नसलेला साक्षीदार

पृथ्वीची उष्णता उपग्रहावरून पहिल्यांदा मोजली ती कॅमेऱ्यानेच, असा समज होणं साहजिक आहे. टायरॉस-१ ने एप्रिल १९६० मध्ये टिपलेल्या ढगांच्या छायाचित्रांनी जगाचं लक्ष वेधलं होतं. कागदपत्रं मात्र त्याआधीच्या एका उपकरणाकडे बोट दाखवतात. १३ ऑक्टोबर १९५९ रोजी केप कॅनव्हरलवरून सुटलेल्या एक्सप्लोरर-७ वर ते बसवलेलं होतं आणि त्यात भिंगच नव्हतं.

त्याचं मूळ शेतात सापडतं. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे व्हर्नर सुओमी यांचा १९५३ चा शिकागो विद्यापीठातला प्रबंध मक्याच्या शेतातल्या उष्णतेच्या जमाखर्चावर होता: ऊन किती आलं, परत किती गेलं, उरलं त्याचं काय झालं. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या वार्षिकांत १९५८ साली त्यांचा लेख आला, त्यात हाच हिशेब सगळ्या ग्रहासाठी मांडलेला आहे. शेताचा बांध ओलांडून एकदम पृथ्वी! पण प्रश्नाची मांडणी तीच.

अंमलबजावणी सोपी गेली नाही. जून १९५९ मध्ये हे उपकरण नेणारं व्हॅनगार्ड यान कक्षेत पोचलं नाही. जुलैत ज्युनो-२ अग्निबाण सुटल्यावर काही सेकंदांतच नष्ट करावा लागला. तिसऱ्या खेपेला, एक्सप्लोरर-७ वर, जमलं.

उपकरण सुओमी आणि विद्युत अभियंते रॉबर्ट पेरंट यांचं. आरशांवर बसवलेले छोटे अर्धगोल. आरशातल्या प्रतिबिंबामुळे प्रत्येक अर्धगोल अवकाशात सुटा टांगलेल्या पूर्ण चेंडूसारखा वागे. काळा अर्धगोल सूर्यप्रकाश आणि पृथ्वीची अवरक्त उष्णता दोन्ही शोषून घेई. पांढरा सूर्यप्रकाश बराचसा परतवे, अवरक्ताच्या बाबतीत मात्र जवळपास काळ्यासारखाच. दोघांच्या तापमानांतल्या फरकावरून सूर्याचा वाटा वेगळा काढता येई. रात्री तर सूर्याची लुडबुडच नसे. अर्धगोलाचं तापमान थेट पृथ्वीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेबद्दल बोले.

‘मंथली वेदर रिव्ह्यू’च्या १९६१ च्या खंडात वाइनस्टाइन आणि सुओमी यांचा लेख आहे. मला या सगळ्या कागदांत तोच मोलाचा वाटतो. बाहेर जाणाऱ्या उष्णतेचे नकाशे त्यांनी हवामानाच्या नकाशांशी ताडून पाहिले. ढगांचे माथे थंड, म्हणून ढगाळ कमी दाबाच्या पट्ट्यांवरून उष्णता कमी बाहेर पडत होती. निरभ्र प्रदेशांवरून जास्त. छायाचित्र नसतानाही वादळाची खूण आकड्यांत उमटली होती.

संपूर्ण पृथ्वीचा ताळेबंद मात्र या एका यानातून निघाला, असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. त्यासाठी पुढच्या अनेक उपग्रहांची मोजमापं एकत्र करावी लागली. ती जुळवून व्हॉन्डर हार आणि सुओमी यांनी १९६९ आणि १९७१ मध्ये निष्कर्ष छापले. ढगांच्या जुन्या नोंदींवरून पृथ्वी सुमारे ३५ टक्के ऊन परतवते असं धरलं जाई. मोजमापांत ते ३० टक्क्यांच्या आसपास निघालं. ग्रह मानला होता त्याहून काळसर आणि उबदार होता. फरक मुख्यतः उष्ण कटिबंधातला होता. तिथे इतकी जादा उष्णता जमत असेल, तर ती ध्रुवांकडे नेणारं कोणीतरी हवं. १९७३ मध्ये व्हॉन्डर हार आणि ऊर्ट यांनी वातावरणाचा वाटा वजा करून उरलेली रक्कम समुद्रांच्या नावे टाकली, आणि ती तोवरच्या अंदाजांपेक्षा मोठी होती.