शिल्लक कोणाची? गोखले आणि १९०२ चे अंदाजपत्रक

१/ २६ मार्च १९०२, कलकत्ता. केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा होती. खजिन्यात ७ कोटींहून अधिक शिल्लक होती. मुंबई इलाखा मात्र दुष्काळाने आणि प्लेगने गांजला होता.

२/ मुंबईचे प्रतिनिधी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सरकारचे अभिनंदन नाकारले. रयत खंगत असताना उरलेली शिल्लक ही समृद्धीची नव्हे, जादा करांची खूण होय, असा त्यांचा युक्तिवाद होता.

३/ लष्कर व रेल्वेसाठी सढळ असणारा हात शिक्षण व आरोग्यासाठी आखडतो, हे ते वर्षानुवर्षे आकड्यांनिशी मांडत राहिले. सभासदांना चर्चेचा हक्क होता, अंदाजपत्रकावर मतदानाचा नव्हता.

४/ तरीही मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून १९०७ पर्यंत एका रुपयावर आला. हिशेब विचारण्याची परंपरा मताधिकाराहून जुनी आहे.