डोंग्यात झोपायचं की काठावर?

कारध्याच्या जुन्या पुलाजवळ तुम्ही उभे आहात. खाली वैनगंगा, पण वाहताना दिसत नाही. गोसीखुर्द धरणाचं तुंबलेलं पाणी इथवर आलंय. हातातल्या मोबाइलवर अंदमानच्या दोन सहली. एकीत आठवडाभर बोटीवरच जेवण-झोप आणि दिवसाला तीन-चार बुड्या. दुसरीत स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, खोली; सकाळी बोटीनं जायचं, दुपारी परत.

मोबाइल खिशात टाका. पाणी हलायला लागलंय. १९८८ मागे पडलं, धरणाची पायाभरणीही अजून व्हायचीय, नदीला धार आहे. अजून मागे. शेजारचा पूल नाहीसा होतो आणि तुम्ही साकोलीकडच्या एका तलावाच्या पाळीवर येऊन पडता. अठरावं शतक. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजानं घातलेल्या पाळीची माती अजून ओली आहे, वास येतोय. शिंगाड्याच्या वेलांतून एक ढिवर मासेमार डोंगा सरकवत येतो, दम रोखतो आणि बुडी मारतो. तुमचाही श्वास आपोआप अडकतो. वीस मोजता, तीस. चाळीसला तुम्ही हरता. तो त्यानंतर वर येतो.

“राती डोंग्यातच राह्यता का जी?” तुम्ही विचारता.

तो हसतो. “कायले जी? घर हाये ना.”

बरोबर आहे. घर हाकेवर असताना पाण्यावर कोण झोपेल? पण पाणीच घरापासून लांब असेल तर?

तुमच्याच वैनगंगेचं पाणी धरा: पुढे वर्धा भेटते, प्राणहिता होते, गोदावरीत जाते आणि बंगालच्या उपसागरात उतरते. त्याच उपसागरापलीकडे, १७८९. तुम्ही अंदमानच्या सर्वेक्षणाला निघालेल्या ब्रिटिश अधिकारी आर्चिबाल्ड ब्लेअरच्या जहाजावर आहात. समोर बॅरन बेट धुमसतंय, टनाटनाचे दगड हवेत उडतायत. काठावर खोली नाही, घर नाही, झाड जेमतेम. आजही तिथे वस्ती नाही. श्री विजय पुरमपासून, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरपासून, सुमारे १३५ किलोमीटरवरच्या या ज्वालामुखीच्या उतारावर निवांत बुड्या मारायच्या, तर बोटीवर मुक्काम करण्यावाचून गत्यंतर नाही. बोटीवरच्या सहलीचं खरं समर्थन एवढंच. बाकी सगळी हौस.

आता १९५१ची अखेर. कॅलिप्सो तांबड्या समुद्राकडे निघालीय. मूळची ब्रिटिश नौदलाची सुरुंग काढणारी, लाकडी सांगाड्याची बोट. डेकवर फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कुस्तो. त्यानं आणि एमिल गान्यांनं १९४३मध्ये तयार केलेली श्वसनयंत्रं रांगेत टांगलीयत. ढिवराचा दम चाळीसच्या थोडा पुढे संपत होता. या नळकांड्यानं माणूस तासभर खाली राहतो. सकाळी उठून चार पावलं टाकली की थेट प्रवाळावर. मोह होतोच. पण रात्री बोट डोलायला लागते, पोटात कालवतं, आणि तेव्हा कळतं की इथून उतरून घरी जाता येत नाही. सोबतीला तीच माणसं, तोच डबा, तोच डिझेलचा वास. शिवाय ही मंडळी पाण्यात मुरलेली. तुम्ही अजून मुखवट्यात शिरलेलं पाणी नाकानं बाहेर काढायला शिकलेला नाहीत.

परत कारध्याला. पाणी पुन्हा स्थिर. खिशातला मोबाइल थरथरतोय: ‘शेवटच्या दोन जागा’. वाजू द्या.

माझं मत विचाराल, तर पहिल्या खेपेला खोलीच घ्या. प्रशिक्षकासोबतची पहिली बुडी फार तर १२ मीटरची असते. पहिलं प्रमाणपत्र मिळालं तरी मर्यादा १८ मीटरची. तेवढं पाणी हॅवलॉकच्या आसपास हवं तेवढं आहे. एखाद्या सकाळी कान दुखला तर वाळूवर बसता येतं. बोटीवर दुखला, तर आठवडाभराचे पैसे दिलेली बाकीची मंडळी बुड्या मारत असतात आणि तुम्ही रेलिंगला धरून बघत बसता. घरातलं कुणी पाण्यात उतरणारच नसेल, तर त्यांच्यासाठीही काठच बरा. पन्नासेक बुड्या झाल्या, दिशा चुकणं थांबलं, पोट बोटीला सरावलं, की मग बॅरनचं बघा.

आणि परतीचं विमान काढताना हिशेब ठेवा: ओळीनं काही दिवस बुड्या मारल्यावर शेवटची बुडी आणि उड्डाण यांत किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात.